रानम्हशीच्या पाठीवरचा पक्षी

आफ्रिकेला जाऊन आलेल्या माणसासाठी आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘बिग फाइव्ह’ दिसले का? सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही पाच नावं सहल कंपन्यांनी इतकी रुजवली आहेत, की ती कुणा प्राणिशास्त्रज्ञाने विचारपूर्वक निवडली असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात ती शिकाऱ्यांची यादी आहे. पायी माग काढताना उलटून अंगावर येणारे, मारायला सर्वांत अवघड असे हे पाच. बंदुकीची यादी कॅमेऱ्याने जशीच्या तशी उचलली, एवढंच. जिराफ, चित्ता, रानकुत्रा यांना तिच्यात जागा मिळाली नाही, कारण त्यांना मारण्यात फारसा पुरुषार्थ मानला जात नव्हता. पक्ष्यांचा तर प्रश्नच नव्हता.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानावरचं हे पुस्तक पक्ष्यांच्या बाजूने लिहिलेलं आहे. सस्तन प्राणी त्यात भरपूर आहेत, पण ते बहुधा एखाद्या पक्ष्याच्या मागून येतात. असं का केलं, हे सांगणं ही या प्रस्तावनेची जबाबदारी.

आधी थोडं उद्यानाबद्दल. क्रूगरचा विस्तार सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. आपलं ताडोबा-अंधारी बफरसकट १,७०० चौरस किलोमीटरच्या थोडं पुढे जातं. म्हणजे क्रूगरमध्ये अकरा ताडोबा मावतील. दक्षिणोत्तर लांबी साडेतीनशे किलोमीटरांच्या वर, पूर्वेला मोझांबिकची सीमा, उत्तरेला लिंपोपो नदी आणि तिच्यापलीकडे झिंबाब्वे. पक्ष्यांच्या पाचशेहून अधिक जातींची इथे नोंद आहे. ताडोबात आपल्याला जिप्सी, गाइड, ठरलेलं गेट आणि सकाळ-दुपारच्या फेऱ्यांची सवय असते. क्रूगरमध्ये भाड्याची साधी मोटार घेऊन आपण स्वतःच आत शिरतो. वाहतूक डावीकडूनच, त्यामुळे आपल्या लोकांना ते सोपं जातं. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा, ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही, आणि संध्याकाळी कॅम्पचं फाटक बंद व्हायच्या आत परतायचं. हे पाळलं की कुठे थांबायचं आणि किती वेळ थांबायचं हे सर्वस्वी आपल्या हातात असतं.

आणि नेमकी हीच सवलत आपली माणसं वाया घालवतात. दोन रात्रींची सहल, दिवसभर पळणारी गाडी, कुठे सिंह दिसल्याची कुणकुण लागली की तिकडे धाव. तिथे पोचेपर्यंत मोटारींची रांग लागलेली असते आणि गवतातून सिंहाचा एक कान दिसत असतो. त्याच वेळात लोअर सॅबी कॅम्पजवळच्या सनसेट डॅमवर इंजिन बंद करून बसलं, तर पाणघोडे, मगरी, पाण्यावर येणारे हत्ती आणि पाच-सहा प्रकारचे बगळे-करकोचे समोर येऊन जातात. स्कुकुझा कॅम्पजवळ लेक पॅनिक नावाचा छोटा तलाव आहे, त्याच्या काठावर लाकडी आडोसा बांधलेला आहे. तिथे पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारणारा काळा-पांढरा खंड्या आपल्याला ओळखीचा वाटतो. तो ओळखीचाच आहे. आपल्या उजनीवर दिसतो तीच ही जात. कापशी घारही तीच. परक्या मुलुखात पक्षी पाहताना अशी दोन-चार घरची माणसं भेटली की उरलेल्यांची भीती कमी होते.

क्रूगरबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे ते माणसाचा हात न लागलेलं, आदिकाळापासून तसंच राहिलेलं जंगल आहे, हा. जाहिराती तेच सांगतात. खरं पाहता इथली जवळजवळ प्रत्येक गोष्ट गेल्या सव्वाशे वर्षांत माणसाने कधी बिघडवलेली, कधी सावरलेली, कधी सावरायला जाऊन आणखी बिघडवलेली आहे. सिंहाकडे पाहून यातलं काही उमगत नाही. पक्ष्यांकडे पाहून उमगतं, आणि माझ्या मते क्रूगरमध्ये पक्षी पाहण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

एका उदाहरणावर जरा रेंगाळतो. क्रूगरमध्ये रानम्हशींचा कळप दिसला की त्यांच्या पाठीवर, मानेवर, कधी थेट नाकपुडीपाशी तपकिरी पक्षी चिकटलेले असतात. हे ऑक्सपेकर. गोचिड्या खातात, कानातला मळ खातात, आणि जखम असेल तर तिच्यातलं रक्तही पितात. तेव्हा त्यांना जनावरांचे निःस्वार्थ सेवक वगैरे म्हणायची गरज नाही. दुर्बीण लावली की बहुतेकांची चोच लालभडक दिसते. मात्र एखाद्याची चोच बुडाशी जाड आणि पिवळी असते, फक्त टोक लाल, आणि पाठीचा मागचा भाग फिकट. हा पिवळ्या चोचीचा ऑक्सपेकर. लाल चोचीच्या भाऊबंदांत तो मिसळून बसलेला असल्यामुळे सहज सुटतो. पण तो तिथे आहे यामागे एक मोठी गोष्ट आहे, आणि ती थेट आपल्या गोठ्यापर्यंत येते.

गुरांचा बुळकांडी रोग आपल्या जुन्या पिढीला माहीत होता. आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, त्याने खरा हाहाकार केला तो १८८७ नंतर. इटालियन सैन्याने एरिट्रियात उतरवलेल्या गुरांबरोबर तो आला, आणि ती गुरं भारतातून नेलेली होती, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिथून तो खाली खाली सरकत १८९६ मध्ये झांबेझी ओलांडून दक्षिणेत पोचला. लोकांची गुरं कळपच्या कळप मेली, त्यामागून दुष्काळ आणि उपासमार आली. रानातली खुरांची जनावरंही तशीच गेली. आजच्या क्रूगरच्या भागात रानम्हशी जवळजवळ उरल्याच नाहीत. त्यांच्या रक्तावर जगणारी त्सेत्से माशीसुद्धा त्या प्रदेशातून नाहीशी झाली. पिवळ्या चोचीचा ऑक्सपेकर मोठ्या जनावरांवर, मुख्यतः रानम्हशी आणि गेंड्यांवर, अवलंबून असतो. त्याचं ताटच ओढून घेतलं गेलं. जी पाळीव गुरं वाचली, त्यांना गोचिड्या मारण्यासाठी आर्सेनिकच्या हौदातून काढायची पद्धत पुढच्या काळात सुरू झाली. विषारी गोचिडी खाऊन उरलेसुरले पक्षीही गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी दक्षिण आफ्रिकेतून संपला होता.

मग रानम्हशी हळूहळू वाढल्या. आर्सेनिकच्या जागी पक्ष्यांना कमी घातक औषधं आली. आणि १९७९ मध्ये झिंबाब्वेच्या बाजूने हे पक्षी आपले आपण क्रूगरच्या उत्तर टोकाला परतले. पुढे ते खाली दक्षिणेपर्यंत पसरले. बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसरा रोग. एका चोचीच्या पिवळ्या रंगात एवढं सगळं साठलेलं आहे. ज्याला ते ठाऊक आहे त्याला रानम्हशींचा कळप ‘पाचांपैकी एक झालं’ म्हणून मागे टाकता येणार नाही.

उद्यानाचा कागदोपत्री इतिहास इथे थोडक्यात सांगून टाकतो, कारण पुढच्या प्रकरणांत तो गृहीत धरलेला आहे. ट्रान्सव्हाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी १८९८ मध्ये सॅबी नदीच्या परिसरात शिकारीला बंदी असलेलं राखीव क्षेत्र जाहीर केलं. बोअर युद्धानंतर १९०२ मध्ये इंग्रजांनी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या लष्करी अधिकाऱ्याला तिथे नेमलं आणि तो १९४६ पर्यंत त्या जागेवर राहिला. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला; पुढच्याच वर्षी पहिल्या तीन मोटारी पर्यटकांना घेऊन आत आल्या. स्टीव्हन्सन-हॅमिल्टनच्या चिकाटीशिवाय क्रूगर उभं राहिलं नसतं, हे खरं. त्याने राखीव क्षेत्रात राहणाऱ्या लोकांना बाहेर काढलं आणि सुरुवातीची कित्येक वर्षं सिंह, रानकुत्रे उपद्रवी म्हणून मारले जात होते, हेही तितकंच खरं. संरक्षण म्हणजे काय याची कल्पना दर पिढीगणिक बदलत गेली आहे, आणि आजची कल्पना शेवटची आहे असं समजायला मला तरी काही आधार दिसत नाही.

पाण्याचंच बघा. मध्य क्रूगर कोरडं. जनावरं तहानेने मरू नयेत म्हणून १९३० च्या दशकापासून विंधनविहिरी, पवनचक्क्या, हौद उभारले गेले. त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. भूतदयेचं काम, कोण नको म्हणेल? पण उत्तरेच्या कोरड्या माळावर पाणी आलं तसे झेब्रे आणि विल्डेबीस्ट तिकडे सरकले, त्यांच्या मागोमाग सिंह गेले, आणि तिथलं उंच गवत लागणारं, संख्येने मुळातच थोडं असलेलं रोआन हे मोठं कुरंग दोन्हींकडून मार खाऊ लागलं. १९८६ मध्ये साडेचारशेच्या आसपास असलेले रोआन १९९३ पर्यंत पन्नासच्याही खाली आले. त्यानंतर कृत्रिम पाणवठे बंद करायला सुरुवात झाली. नकाशावर नाव आहे आणि जागेवर गंजलेली पवनचक्की तेवढी उभी आहे असं दिसलं, तर तो हलगर्जीपणा समजू नये. बरेचदा ते धोरण असतं.

हत्तींची गोष्ट याहून कठीण आहे आणि तिच्यावर एकमत होणं शक्य नाही. १९६७ ते १९९४ या काळात हत्तींची संख्या सात हजारांच्या आसपास ठेवायची म्हणून चौदा हजारांहून अधिक हत्ती मारले गेले. जगभरातून टीका झाल्यावर ते थांबलं. आज तिथे त्या सात हजारांच्या दुपटीहून कितीतरी जास्त हत्ती आहेत. हत्ती मोठी झाडं सोलतात, ढकलून पाडतात. मारुला आणि नॉबथॉर्नची पाडलेली झाडं रस्त्याकडेला जागोजागी दिसतात. त्यात फेब्रुवारी २००० च्या महापुराने नदीकाठचे जुने वृक्ष वाहून नेले. आता प्रश्न असा, की मोठं झाड गेलं तर कुणाचं घर गेलं?

उत्तर पहाटे ऐकू येतं. खोल, घुमणारा, एकाने हाक द्यावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी असा आवाज. नवखा माणूस सिंह समजून दचकतो. तो असतो जमिनीवर फिरणाऱ्या धनेशांचा, सदर्न ग्राउंड हॉर्नबिलचा. टर्कीएवढा काळा पक्षी, चेहऱ्यावर आणि गळ्याशी लाल कातडी, पापण्यांना लांब केस. चार-पाच जणांचं कुटुंब गवतातून साप, बेडूक, कासवं, टोळ वेचत चालत जातं. कुटुंबात विणीची जोडी एकच, बाकीचे मदतनीस. घरटं मोठ्या झाडाच्या ढोलीत. आपल्या कोकणातल्या धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. ही तसं करत नाही, पण ढोली मात्र तिलाही तेवढीच ऐसपैस लागते. अंडी बहुधा दोन असतात, पण दुसरं पिल्लू उपासमारीने मरतं. सरासरी काढली तर एका कुटुंबातून एक पिल्लू हाताशी यायला नऊ वर्षं लागतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला झाडं पडण्याचा वेग झेपत नाही, म्हणून क्रूगरलगतच्या खासगी राखीव जंगलांत त्यांच्यासाठी कृत्रिम ढोल्या बसवल्या आहेत, आणि ते मरणारं दुसरं पिल्लू उचलून हाताने वाढवण्याचं कामही दक्षिण आफ्रिकेत चालतं. हत्तींवर प्रेम करणाऱ्यांनी एकदा या धनेशाच्या बाजूनेही विचार करावा. उत्तर सापडणार नाही, पण प्रश्न नीट कळेल.

गिधाडांबद्दल वेगळं प्रकरण आहे, तिथे सविस्तर येईलच. इथे एवढंच, की आपल्याकडची गिधाडं गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने मेली. ते कुणी हेतुपुरस्सर केलं नव्हतं. क्रूगरमध्ये विष मुद्दाम घातलं जातं. हत्ती किंवा गेंडा मारला की आकाशात गिधाडं घिरट्या घालू लागतात आणि वनरक्षकांना जागा कळते, म्हणून चोरटे शिकारी मेलेल्या जनावरातच कीटकनाशक कालवून ठेवतात. पारंपरिक औषधांसाठी गिधाडांचे अवयव विकले जातात, तेही एक कारण. मे २०२५ मध्ये क्रूगरच्या उत्तर भागात विष घातलेल्या एका हत्तीवर उतरलेली शंभराहून अधिक गिधाडं एका घटनेत मेली. ऐंशीच्या आसपास जिवंत हाती लागली, त्यांना उपचार करून वाचवण्यात आलं.

‘बिग फाइव्ह’ला उत्तर म्हणून तिथल्या पक्षीनिरीक्षकांनी ‘बिग सिक्स’ अशी यादी केली आहे: सॅडलबिल करकोचा, कोरी बस्टर्ड, मार्शल गरुड, लॅपेट-फेस्ड गिधाड, ग्राउंड हॉर्नबिल आणि पेल्स फिशिंग आउल. याद्यांचा मला कंटाळा आहे, तरी ही यादी उपयोगी आहे, कारण यातले बहुतेक पक्षी संरक्षित क्षेत्राबाहेर आता फार विरळ झाले आहेत. मराठी वाचकाने त्यातला कोरी बस्टर्ड तरी चुकवू नये. साताराच्या माळावर (हा सातारा म्हणजे क्रूगरच्या मधोमध असलेला एक कॅम्प, उच्चार जवळपास तोच) गवतातून तोलामोलाने पावलं टाकत जाणारा, अठरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी म्हणजे आपल्या माळढोकाचा सख्खा नातेवाईक, एकाच प्रजातिकुळातला. डिसेंबरात उत्तरेकडून गडद गुलाबी-लाल रंगाचे कारमाइन वेडे राघू येतात; ते त्याच्या पाठीवर बसून प्रवास करतात आणि त्याच्या पायांनी उडवलेले टोळ टिपतात. हे दृश्य पाहताना सोलापूरचं नान्नज आठवल्याशिवाय राहत नाही. १९७९ मध्ये आपण माळढोकासाठी सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं, त्यात गावं, शेतं, बाजारपेठा, रस्ते सगळं आलं. पुढे ते घटवून १,२०० चौरस किलोमीटरच्या घरात आणलं. आज तिथे एखादी मादी दिसली तरी बातमी होते. आपण कागदावर जमीन राखली आणि लोकांना निर्बंधांनी जेरीस आणलं. क्रूगरमध्ये जमीन राखली ती माणसं उठवून. यातली कुठलीही पद्धत मला अभिमानाने सांगता येणार नाही.

माणसं उठवण्याचा हिशेब काही अंशी चुकता झाला, तो उत्तर टोकाला, पाफुरीत. लुवुवू आणि लिंपोपो या नद्यांच्या मधला हा त्रिकोण माकुलेके लोकांचा. १९६९ मध्ये वर्णद्वेषी सरकारने त्यांना बंदुकीच्या धाकावर हलवलं. घरं त्यांच्याच हातांनी जाळायला लावली. राजवट बदलल्यावर त्यांनी जमिनीवर हक्क सांगितला, आणि १९९८ मध्ये सुमारे २४,००० हेक्टर त्यांच्या नावावर झाली. त्यांनी तिथे पुन्हा वस्ती केली नाही. जमीन उद्यानातच ठेवली आणि पर्यटनाचं उत्पन्न स्वतःकडे घेतलं. क्रूगरमधलं पक्ष्यांसाठी सर्वांत श्रीमंत ठिकाण कुठलं, असं विचारलं तर जाणकार याच त्रिकोणाकडे बोट दाखवतात. पिवळ्याधमक सालीची फीव्हर ट्री, गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष, नदीवर ओणवलेल्या फांद्यांत बसलेलं मासेखाऊ पेल्स घुबड. गोरखचिंच आपल्याकडे कोकणात आणि वसईच्या बाजूला जुन्या बंदरांजवळ दिसते, तिचं माहेर हे.

आता कधी जायचं? आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथला कोरडा हिवाळा. गवत सुकून बसलेलं, पाणी मोजक्या ठिकाणी, जनावरं दिसायला सोपी. सहल कंपन्या तोच काळ विकतात. पक्ष्यांसाठी जायचं तर दिवाळीनंतर, पहिल्या पावसांबरोबर. हिरवळीत सिंह शोधणं जड जाईल, उकडेल, डासही असतील (मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, हा भाग मलेरियाचा आहे), पण नोव्हेंबरच्या मध्यापासून वुडलँड किंगफिशरचा आवाज सुरू होतो तो दिवसभर थांबत नाही. तोवर युरोप-आशियातले पाहुणेही पोचलेले असतात: नीलपंखाचा युरोपीय भाऊ, पांढरे करकोचे, भिंगऱ्या. पावसाआधी आपल्याकडे येणारा चातकही याच ऋतूत तिथल्या झुडपांत भेटतो. आणि तारांवर, वाळक्या फांद्यांवर बसलेले छोटे राखी-विटकरी ससाणे दिसले तर ते अमूर ससाणे असण्याची शक्यता मोठी. सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघून ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये लाखोंनी उतरतात, मग भारताचा मध्यभाग ओलांडून, वाटेत कधी लोणावळ्याच्या डोंगरांवर दिसून, अरबी समुद्रावर झेप घेतात आणि न थांबता आफ्रिकेचा किनारा गाठतात. २०१२ मध्ये नागालँडच्या पांगती भागात जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल झाली होती. गावकऱ्यांनी पुढच्याच वर्षी ती बंद केली. क्रूगरमधल्या फांदीवरचा ससाणा महिन्यापूर्वी आपल्या डोक्यावरून गेलेला असू शकतो.

पुस्तकात ज्या पक्ष्यांना मराठी नाव रूढ आहे तिथे ते वापरलं आहे, नसेल तिथे इंग्रजी नाव नागरीत; ओढूनताणून नवी नावं पाडलेली नाहीत. ओळखीसाठी रॉबर्ट्सची मार्गदर्शिका बरोबर ठेवावी, तिची पहिली आवृत्ती १९४० ची असली तरी आजवर ती नव्याने निघत आली आहे. आणि दक्षिण आफ्रिकेच्या पक्षी-नकाशा प्रकल्पाची आधी माहिती करून घ्यावी. २००७ पासून त्याचा दुसरा टप्पा चालू आहे. सगळा प्रदेश अक्षांश-रेखांशांच्या पाच-पाच मिनिटांच्या चौकटींत विभागलेला आहे. एका चौकटीत किमान दोन तास द्यायचे आणि दिसलेली प्रत्येक जात दिसली त्या क्रमाने लिहायची. नोंद करायला पर्यटकालाही मुभा आहे. उत्तरेकडे वर्दळ कमी, त्यामुळे तिथल्या यादीला मोल जास्त. या यादीत एका पक्ष्याची नोंद आपण जरा ओशाळून करावी: साळुंकी. १९०२ च्या सुमारास डर्बनमध्ये पिंजऱ्यांतून सुटलेल्या साळुंक्यांचा वंश आता वाढत वाढत क्रूगरच्या कडांपर्यंत आला आहे आणि उद्यानाला तो नको आहे. कॅम्पच्या आवारात ती दिसली, तर गाववाली भेटली म्हणून खूश न होता कचेरीत जाऊन सांगावं.